चांदी संपली म्हणून खाण बंद पडली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चांदीच्या लहान, सोडून दिलेल्या खाणींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक समजूत गृहीत धरलेली दिसली: आतली चांदी संपली आणि माणसे निघून गेली. असे क्वचितच घडते. म्हणून त्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: एवढ्या मोठ्या डोंगरात चांदी नेमकी हातभर रुंदीच्या एका पट्ट्यातच कशी जमा होते? बाकीचा डोंगर कोरडा का?

पृथ्वीच्या कवचात टनभर खडकामागे सरासरी ०.०७ ते ०.०८ ग्रॅम चांदी असते. लहान खाण चालवायची तर टनामागे निदान काहीशे ग्रॅम हवेत. म्हणजे माणसाने पहार उचलण्याआधीच निसर्गाने चांदी हजारो पटींनी एकवटून ठेवलेली असावी लागते. हे काम जमिनीखालचे गरम, खारट पाणी करते. खोल खडकांतून फिरताना ते चांदी, शिसे, जस्त, तांबे विरघळवून घेते. त्याला वर यायला वाट मिळते ती भेगांतून आणि प्रस्तरभंगांतून (खडक तुटून एकमेकांवर सरकले ती जागा). वर येताना दाब उतरतो, पाणी उकळते, वायू निसटतात, कुठे थंड भूजल येऊन मिसळते. मग धातू विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत आणि भेगेच्या दोन्ही भिंतींवर थराथराने बसतात. अशी भरलेली भेग म्हणजे शीर. म्हणून शिरेचा आडवा छेद पाहिला तर दोन्ही कडांपासून मध्याकडे येणारे जुळे पट्टे दिसतात: कडेला क्वॉर्ट्झ, मग गॅलेना (शिशाचे खनिज) आणि स्फॅलेराइट (जस्ताचे खनिज), मग पुन्हा क्वॉर्ट्झ किंवा कॅल्साइट. मधे कधी स्फटिकांनी भरलेली पोकळी राहून गेलेली असते. ज्वालामुखी प्रदेशांतील अशा शिरा बहुधा दीड किलोमीटरच्या आत, १०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला तयार होतात.

शीर सगळीकडे सारखी भरलेली नसते, हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे. प्रस्तरभंगाची प्रतल कधी सरळ नसते. वरचा ठोकळा खाली सरकला असेल तर प्रतलाचा जो भाग अधिक उभा असतो तिथे पोकळी उघडते, आणि पाण्याने आणलेला माल तिथे साचतो. मंद उताराचा भाग घट्ट मिटलेला राहतो. ठोकळा उलट वर सरकला असेल तर गणित उलटते. जुन्या खाणकामगारांना हे अनुभवाने कळे. त्यामुळे खाणीच्या नकाशात काही कप्पे पूर्ण कोरून काढलेले आणि मधले भाग जसेच्या तसे सोडलेले दिसतात.

सगळ्या चांदीच्या खाणी एका जातीच्या नसतात. नॉर्वेतील कोंग्सबर्ग (खाणकाम १६२३ पासून) आणि कॅनडातील कोबाल्ट (शोध १९०३) येथे चांदी कॅल्साइटच्या शिरांत तारा आणि पत्रे अशा मूळ धातूच्या रूपात सापडली. जर्मनीतील फ्रायबर्गला ती शिशाच्या धातुकासोबत (ज्यातून धातू काढतात तो दगड म्हणजे धातुक) आणि चांदीच्या स्वतंत्र खनिजांतूनही मिळाली.

प्रश्न: बंद खाणीबाहेरच्या ढिगात करडा, चकाकणारा, जड दगड मिळाला. ही चांदीच का?

बहुधा गॅलेना असावा, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. ओळख सोपी आहे. तो फुटताना काटकोनात फुटतो आणि छोटे घन तयार होतात. घनता ७.५, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडाच्या जवळपास तिप्पट वजन. बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यास करडी-काळी रेघ उमटते. पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, पिवळसर असतो, त्याची रेघ हिरवट काळी येते आणि तो सुरीने ओरखडत नाही. अभ्रक हलका असतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

गॅलेनातली चांदी डोळ्यांना दिसत नाही. ती काही प्रमाणात शिशाच्या जागी अँटिमनी किंवा बिस्मथच्या जोडीने स्फटिकात शिरलेली असते आणि बाकीची इतर खनिजांच्या सूक्ष्म कणांत असते. बारीक दाण्याचा गॅलेना श्रीमंत आणि मोठ्या घनांचा गरीब, असा समज खाणींत फार जुना आहे. काही खाणींत तो लागूही पडतो, पण दुसऱ्या खाणीत त्याच्यावर विसंबू नये. परीक्षणाखेरीज चांदीचा आकडा सांगता येत नाही.

चांदीची स्वतःची खनिजे वेगळी दिसतात. अकँथाइट काळा, मऊ, सुरीने शिशासारखा कापला जाणारा असतो आणि त्यात ८७ टक्के चांदी असते. पायरार्जिराइट आणि प्राउस्टाइट गडद लाल असतात आणि उजेडात ठेवले तर काळवंडतात, म्हणून संग्रहात ते अंधाऱ्या डबीतच ठेवावेत. चांदीचे क्लोराइड मेणासारखे, राखाडी-हिरवट, नखाने दबणारे असते. दगड ओळखण्यासाठी तो तापवू नका आणि त्यावर आम्ल ओतू नका. आर्सेनिकची वाफ किंवा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडेल. नमुने हाताळल्यावर हात साबणाने धुवा. लहान मुलांच्या हाती ते देऊच नका.

प्रश्न: एका लहान खाणीची माहिती वाचली. सुरुवातीची काही वर्षे भरभराट, मग एकदम टाळे. आत चांदी शिल्लक असूनही असे का होते?

तीन कारणे असतात आणि बहुतेक वेळा ती एकाच सुमारास गाठतात.

पहिले कारण खडकात आहे. शिरेचा माथा जमिनीवर उघडा पडला की पाऊस आणि हवा पायराइट कुजवतात. लोखंड गंजून लाल-तपकिरी, सच्छिद्र टोपी तयार होते. गंधकापासून झालेले आम्ल चांदी विरघळवून खाली नेते. काही चांदी वाटेत क्लोराइड म्हणून थांबते. उरलेली भूजलाच्या पातळीच्या आसपास पोहोचते. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून ती जुन्या सल्फाइडांवर (गंधकाच्या संयुगांवर) अकँथाइट किंवा मूळ चांदी बनून बसते. लाखो वर्षे झिजलेल्या माथ्यांतली चांदी अशी एका अरुंद पट्ट्यात गोळा होते. तो पट्टा काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत जाड असतो. खाण सुरू होते ती याच पट्ट्यात. दगड मऊ, भट्टीला सोपा आणि अतिशय श्रीमंत. पट्टा ओलांडून खाली गेले की मूळचे धातुक लागते. तो दगड कठीण असतो, त्यात जस्त आणि आर्सेनिक अधिक असते आणि चांदी मात्र कितीतरी पटींनी कमी. वरच्या पट्ट्यावर हिशेब मांडून भांडवल गोळा केलेले असेल, तर खाण याच टप्प्यावर बसते.

दुसरे कारण पाणी आणि रुंदी. श्रीमंत पट्टा भूजलाच्या पातळीशी संपत असल्याने गरीब धातुक आणि पाणी एकदमच लागतात. समजा, सेकंदाला १० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायचे आहे. नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जवळपास १० किलोवॉट लागतात. जुन्या पंपांची गळती आणि घर्षण धरले तर दुप्पट. तेही रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, कारण पंप थांबला की खालचे मजले भरतात. उतार असलेल्या डोंगरात यावर उपाय म्हणजे पायथ्याकडून आडवा बोगदा काढून पाणी आपोआप वाहू देणे. पण त्याला वेळ लागतो. अमेरिकेतील नेवाडात कॉमस्टॉक शिरेखाली सुमारे ६ किलोमीटरचा सट्रो बोगदा १८७८ मध्ये जोडला गेला, तोवर तिथल्या भरभराटीचा काळ सरत आला होता.

रुंदीचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहावा. शीर २५ सेंटीमीटर रुंद, टनामागे ४०० ग्रॅम चांदी, घनता ३.२ असे धरा. शिरेच्या एका चौरस मीटरमागे ०.८ टन धातुक आणि ३२० ग्रॅम चांदी मिळते. पण माणसाला काम करायला मीटरभर रुंद जागा हवी. म्हणजे ७५ सेंटीमीटर निव्वळ खडक फोडावा लागतो, सुमारे २ टन. सगळे एकत्र निघाले तर हाती येतो २.८ टन माल आणि त्यात टनामागे जेमतेम ११५ ग्रॅम चांदी. शिरेतली चांदी तेवढीच राहते, पण फोडणे, उचलणे, वाहणे आणि दळणे यांचा खर्च साडेतीन पट होतो. जाणकार खाणवाले म्हणून आधी शिरेशेजारचा खडक वेगळा उडवत, तो पायाखाली भरावाला टाकत आणि मग शीर स्वतंत्र काढत. वर आल्यावर हातोड्याने फोडून हाताने निवड होई. हे काम मजुरी स्वस्त असेपर्यंतच परवडते.

तिसरे कारण खाणीपासून हजारो किलोमीटर दूर घडते: भाव. जर्मनीने १८७१ ते १८७३ या काळात सुवर्णचलन स्वीकारले आणि चांदी विकायला काढली. अमेरिकेच्या १८७३ च्या नाणे कायद्याने चांदीच्या डॉलरची मुक्त टाकसाळ थांबली. १८७० च्या सुमारास लंडनमध्ये औंसाला साधारण ६० पेन्स असलेला भाव घसरत गेला. सर्वांत मोठा आधार उरला होता तो हिंदुस्थानचा, कारण इथला रुपया चांदीचा आणि कोणीही चांदी नेऊन टाकसाळीतून रुपये पाडून घेऊ शके. २६ जून १८९३ रोजी सरकारने ही सोय बंद केली. काही दिवसांतच भाव कोसळला आणि कोलोरॅडोतील चांदीच्या खाणी धडाधड बंद पडल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी सरकारनेही चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. १८९४ मध्ये भाव ३० पेन्सच्या आत होता. ज्या खाणीची नोंद ‘१८९३ ला बंद’ अशी असेल, तिथे खडकात दोष शोधण्याआधी या तारखा आठवाव्यात. मुंबई आणि कोलकात्याच्या टाकसाळींतला एक निर्णय रॉकी पर्वतातली गावे ओस पाडतो, हे अर्थव्यवहाराच्या इतिहासात फार कमी ठिकाणी इतके स्वच्छ दिसते.

प्रश्न: खाण किती जुनी आहे हे बोगद्याच्या भिंती पाहून सांगता येते का?

ढोबळ अंदाज येतो, आणि तो तोंडाशी उभे राहूनही घेता येतो. भिंती गोलसर, खोलगट, गुळगुळीत आणि काजळलेल्या असतील तर तिथे लाकडे पेटवून खडक तापवला आहे. तापलेला खडक प्रसरण पावून त्याचे पापुद्रे सुटतात आणि मग ते पहारीने पाडतात. एवढ्यावरून खाण प्राचीन ठरवू नका. कोंग्सबर्गला ही पद्धत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. भिंतीवर समांतर बारीक चरे आणि जेमतेम खांदे मावतील एवढी रुंदी असेल तर काम छिन्नी-हातोड्याचे.

खडकात अर्धवट उरलेली, नळीसारखी भोके दिसली तर सुरुंग वापरले आहेत. खाणीत सुरुंगाच्या दारूची पहिली पक्की नोंद १६२७ ची, आजच्या स्लोव्हाकियातील बान्स्का श्तियाव्हनित्सा येथली. त्यामुळे ती भोके त्यानंतरची, आणि बहुतेक ठिकाणी बरीच नंतरची. हाताने पाडलेले भोक नीट गोल नसते, लांबीला कमी असते. यंत्राची भोके गोल, लांब आणि ठरावीक मांडणीत असतात. ती १८७० नंतरच्या काळाकडे बोट दाखवतात, जेव्हा दाबलेल्या हवेवरची यंत्रे आणि डायनामाइट (पेटंट १८६७) दोन्ही पसरू लागली. कोपऱ्यांत पांढरट-करड्या चुन्यासारखे ढेकूळ पडलेले असतील तर ती कार्बाइडच्या दिव्यांची राख आहे, म्हणजे विसाव्या शतकातले काम.

एकाच खाणीत या सगळ्या खुणा मिळू शकतात. नंतरच्यांनी जुन्यांचा बोगदा रुंद केला की तळाशी सुरुंगाची भोके आणि छताशी छिन्नीचे चरे उरतात. म्हणून छत आधी पाहावे.

प्रश्न: शिशातून चांदी वेगळी कशी करत? खाणीजवळ त्याच्या खुणा राहतात का?

गॅलेना भाजला की त्याचा काही भाग ऑक्साइड होतो. तो उरलेल्या सल्फाइडशी भिडला की शिसे सुटते आणि गंधक वायुरूपाने निघून जातो. शिसे वितळताना चांदी आपल्यासोबत घेऊन येते. हे शिसे हाडांच्या राखेच्या किंवा चुनखडीयुक्त मातीच्या खोलगट तळावर ९०० ते १००० अंशांना वितळवून त्यावर भात्याने हवा सोडतात. शिशाचे मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होते. ते ८८८ अंशांना वितळते, काही तळात मुरते, बाकीचे वरून काढून टाकतात. चांदी हवेने गंजत नाही, म्हणून ती शेवटी एकटी उरते. शिशाचा शेवटचा पापुद्रा सरकतो त्या क्षणी चांदीचा गोळा एकदम लखकन उजळतो. ती कारागिराची थांबण्याची खूण. मुर्दाडशिंग कोळशाबरोबर पुन्हा वितळवून शिसे परत मिळवत.

या पद्धतीला शिशात चांदी बऱ्यापैकी असावी लागे. इंग्लंडमध्ये पॅटिन्सनने १८३३ मध्ये शिसे सावकाश गोठवून चांदी उरलेल्या द्रवात एकवटण्याची रीत काढली. पार्क्सने १८५० मध्ये वितळलेल्या शिशात जस्त टाकून चांदी वरच्या सायीत ओढून घेण्याची रीत काढली, आणि तीच पुढे टिकली. या दोघांमुळे आधी टाकाऊ ठरलेले शिसे कामाचे झाले.

शिसे कमी आणि चांदीची खनिजे अधिक असलेल्या धातुकासाठी पारा वापरत. बार्तोलोमे दे मेदिनाने १५५४ मध्ये मेक्सिकोतील पाचुका येथे ती पद्धत बसवली. दळलेले धातुक, मीठ, तांब्याचे सल्फेट आणि पारा फरसबंद अंगणात पसरून जनावरांकरवी कित्येक आठवडे तुडवत. बोलिव्हियातील पोतोसीत (शोध १५४५) तिचे बदललेले रूप १५७० च्या दशकात आले. अशा जागांची माती आजही पाऱ्याने दूषित असते.

जमिनीवर शोधायच्या खुणा अशा: काळी, काचेसारखी, अनपेक्षितपणे जड मळी (धातू वितळवल्यावर उरणारा टाकाऊ भाग), पिवळसर-तांबूस, थाळीच्या आकाराचे मुर्दाडशिंगाचे तुकडे, खळगे पडलेले दळण्याचे दगड, उतारावरचे धातुक धुण्याचे ओटे आणि टाक्या. ग्रीसमधील लाव्रिओन येथे धुण्याचे ओटे आणि टाक्या आजही पाहता येतात. इ.स.पू. ४८३ मध्ये तिथे श्रीमंत पट्टा लागला आणि अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याच्या आग्रहाने ती चांदी आरमारावर खर्च झाली. तेच आरमार ४८० मध्ये सालामिसला इराण्यांशी लढले. प्राचीनांनी टाकलेल्या मळीत इतके शिसे शिल्लक होते की १८६० च्या दशकात ती पुन्हा वितळवायला कंपनी उभी राहिली.

प्रश्न: नमुना तपासायला द्यायचा आहे. किती दगड द्यावा? निकाल कसा वाचावा?

चूक नमुना उचलतानाच होते. हात आपोआप चकाकणाऱ्या तुकड्याकडे जातो आणि निकाल स्वप्नवत येतो. उघड्या शिरेवर नमुना घ्यायचा तर शिरेला काटकोनात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, सारख्या रुंदी-खोलीची पन्हळ पाडा: १० सेंटीमीटर रुंद, ३ सेंटीमीटर खोल. खाली ताडपत्री अंथरा, कारण ठिसूळ चांदीची खनिजे भुगा होऊन खाली पडतात आणि कठीण क्वॉर्ट्झच पिशवीत जातो. शिरेची रुंदी पिशवीवर लिहा. रुंदीवाचून टक्केवारीला अर्थ नाही. अशा किमान काही पन्हळी, ठरावीक अंतराने. जागेच्या मालकाची आणि सरकारी खात्याची परवानगी आधी घ्या.

प्रयोगशाळेत सगळा नमुना २ मिलिमीटरखाली फोडून, सारखा वाटून, एक भाग ७५ मायक्रॉनखाली दळतात. त्यातले साधारण ३० ग्रॅम मुशीत घेतात. सोबत ६० ग्रॅम मुर्दाडशिंग, ३० ग्रॅम सोडा, थोडा टाकणखार, गरजेप्रमाणे वाळू आणि ३ ग्रॅम गव्हाचे पीठ. पीठ जळताना मुर्दाडशिंगातून शिसे सोडवते, १ ग्रॅममागे १० ते १२ ग्रॅम. त्या शिशाचे थेंब खाली बसताना चांदी-सोने गोळा करून आणतात. १००० ते ११०० अंशांना पाऊण ते एक तासाने लोखंडी साच्यात ओततात. तळाशी ३० ग्रॅमच्या आसपास शिशाची गोळी मिळाली की काम नीट झाले. नमुन्यात पायराइट भरपूर असेल तर तोच पिठाचे काम करतो आणि गोळी अवाढव्य होते. तेव्हा पीठ वगळून सोरा घालतात आणि नमुना अर्धा करतात. गोळी हातोड्याखाली तडकली तर गंधक, आर्सेनिक किंवा अँटिमनी शिरले आहे असे समजून तो डाव पुन्हा मांडावा.

मग ही गोळी हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत जाते. वाटी आधी नीट तापवली नाही तर ओल उकळून शिसे उडते. भट्टी गार पडली तर मुर्दाडशिंगाची साय गोठून काम अडते, फार तापली तर चांदी वाफेने आणि वाटीत मुरून जाते. वाटीच्या काठावर पिसांसारखे मुर्दाडशिंगाचे स्फटिक दिसले की उष्णता बरोबर. वितळलेली चांदी प्राणवायू शोषते आणि गोठताना तो सोडते. मणी घाईने बाहेर काढला तर तो फुटून त्याचे शिंतोडे उडतात आणि वजन कमी भरते.

उरलेल्या मण्याचे वजन करतात. ३० ग्रॅम नमुन्यात १ मिलिग्रॅम मणी म्हणजे टनामागे ३३ ग्रॅम, १२ मिलिग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅम. मण्यात सोनेही असते. गरम नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून उरलेले सोने वजा करतात. जुन्या इंग्रजी अहवालात ‘टनाला इतके औंस’ असे असेल तर अमेरिकी टनासाठी ३४.३ ने गुणा. हे घरी करू नका. शिशाची वाफ शरीरात साठत जाते.

प्रश्न: खाणीतून नारिंगी पाणी वाहते. खाण बंद होऊन शतक लोटले तरी ते थांबत का नाही?

खाण बंद झाली तरी आत हवा आणि पाणी जातच राहते. पायराइटवर प्राणवायू आणि पाणी यांची क्रिया होऊन सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेले लोह तयार होते. लोहभक्षी जिवाणू तिचा वेग प्रचंड वाढवतात. पाणी बाहेर येऊन हवा लागली की लोह गाळ बनून दगडांवर नारिंगी थर चढवते. बोगदे आणि सुरुंगांनी भेगाळलेला खडक मिळून हवेला भिडणारा पृष्ठभाग अफाट असतो, त्यामुळे एका शतकात तो संपत नाही. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन खाणीत पीएच (आम्लतेचे माप: ७ उदासीन, जितका कमी तितके आम्ल तीव्र) उणे ३.६ इतका मोजला गेला आहे.

भोवताली चुनखडी किंवा डोलोमाइट असेल तर आम्ल आपोआप उदासीन होते. तरीही पाणी निर्धोक समजू नका. स्वच्छ दिसणाऱ्या, पीएच ७ च्या पाण्यातही जस्त आणि कॅडमियम विरघळलेले राहू शकतात. ते पाणी प्यायला, जनावरांना किंवा भाजीला वापरू नये. बोगद्याचे तोंड नुसते भिंत घालून बंद करणे सर्वांत वाईट: मागे पाण्याचा स्तंभ चढतो आणि एके दिवशी सगळा गाळ एकदम बाहेर येतो.

प्रश्न: दोर आणि दोन विजेऱ्या घेऊन आत जाता येईल का?

नाही. कुजलेल्या फळ्यांवर माती बसून जमीन तयार झालेली दिसते आणि तिच्याखाली पाण्याने भरलेली उभी विहीर असते. दोर त्यात पडलेल्याला वाचवत नाही. दुसरा धोका दिसतही नाही. कुजणारे लाकूड आणि पायराइट हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. बाहेर तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली थांबायचेच नसते, मेणबत्ती साधारण १६ ला विझते आणि १० च्या आसपास शुद्ध हरपते. गुदमरल्यासारखे वाटतच नाही, कारण ती जाणीव प्राणवायू कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. बाहेरचा वायुदाब उतरला की आतली मृत हवा तोंडाकडे सरकते, म्हणून काल सुरक्षित असलेला बोगदा आज नसतो. जुनी डायनामाइटची पेटी दिसली, विशेषतः तिच्यावर घाम किंवा खडे दिसले, तर स्पर्श न करता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

तोंडाला लोखंडी गज बसवायचे असतील तर आडवे बसवा आणि दोहोंत साधारण १४.५ सेंटीमीटर फट ठेवा. वटवाघळे ये-जा करू शकतात, माणूस नाही.

प्रश्न: आत न जाता खाण किती मोठी होती हे कळेल?

ढीग मोजा. समजा, ढीग ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी अडीच मीटर जाड आहे: १५०० घनमीटर. फोडलेला खडक मूळच्या सुमारे दीडपट फुगतो, म्हणून मूळ खडक १००० घनमीटर. बोगदा १.८ बाय १.२ मीटरचा धरला तर सुमारे ४६० मीटर लांबी निघते. नेलेले धातुक आणि आतच भरावाला टाकलेला खडक यात धरलेला नाही, म्हणून हा आकडा किमान समजावा. ढिगाच्या वरच्या थरात शेवटी काढलेला दगड असतो. तो कोरा खडक असेल तर शेवटचे महिने शीर शोधण्यात गेले. त्यात पायराइट-स्फॅलेराइट भरपूर असतील तर वरचा श्रीमंत पट्टा ओलांडला गेला होता.

प्रश्न: भारतात चांदीच्या प्राचीन खाणी कुठे होत्या?

प्रामुख्याने राजस्थानात. उदयपूरच्या दक्षिणेकडील जावर, तसेच ईशान्येकडील दरीबा आणि आगुचा येथे शिसे-जस्त-चांदीच्या धातुकावर इसवी सनापूर्वीपासून काम झाले. खाणीत सापडलेल्या लाकडांच्या कार्बन कालमापनावरून हे ठरले. जावरची जास्त ख्याती जस्तासाठी. जस्त ९०७ अंशांना वाफ होऊन हवेत जळून जाते, म्हणून ते बंद भांड्यातून उर्ध्वपातनानेच मिळवावे लागते. जावरला एका भट्टीत ३६ मातीची भांडी उलटी लावून ते मोठ्या प्रमाणावर काढत. वापरलेल्या त्या भांड्यांचे ढीग आणि त्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. आज भारतातली जवळपास सगळी चांदी याच पट्ट्यातून, शिसे-जस्ताच्या जोडीने मिळते.

प्रश्न: चांदीचा भाव वाढला की अशा लहान खाणी पुन्हा सुरू होतील?

बहुतेक नाहीत. जगातल्या चांदीचा साधारण तीन चतुर्थांश भाग शिसे-जस्त, तांबे आणि सोन्याच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून येतो. त्यांच्याशी २५ सेंटीमीटरची शीर टक्कर देऊ शकत नाही. विचार करायचाच असेल तर क्रम असा ठेवावा: आधी जुने नकाशे आणि परीक्षणाच्या वह्या मिळवा, कोणते कप्पे कोरले आणि कोणते सोडले ते त्यावर रंगवा. मग पृष्ठभागावरून विवरे पाडून भूजलाच्या पातळीखालचे मूळ धातुक तपासा. वरच्या पट्ट्याचे जुने आकडे या हिशेबात अजिबात धरू नका. त्यानंतर आतल्या पाण्याचे आकारमान, त्यातले जस्त आणि आर्सेनिक, आणि ते शुद्ध करून सोडण्याचा खर्च काढा. बहुतांश प्रस्ताव या तिसऱ्या पायरीवर थांबतात. जुन्या ढिगांत आणि दळलेल्या गाळात मात्र कधी कधी खाणीपेक्षा सोपी चांदी असते, कारण फोडण्या-दळण्याचा खर्च आधीच झालेला असतो. तिथे हाताने उचललेला नमुना चालत नाही. गाळात दोन-अडीच मीटर अंतराने चौकटीत हाताने फिरवायच्या गिरमिटाने तळापर्यंत भोके पाडावीत आणि प्रत्येक मीटरचा नमुना वेगळा ठेवावा, कारण चांदी पावसाबरोबर तळाकडे उतरलेली असू शकते.